फॅव्हरशॅमला गाडी दोन होते

आमच्या घरात माझ्या संशोधनाला ‘ते’ म्हणतात. “तुमचं ते कुठवर आलं?” असं बायको विचारते, तेव्हा तिचा सूर न्हाणीघरातल्या गळतीची चौकशी करावी तसा असतो. तिचं काही चुकत नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस दिवसभर सॉफ्टवेअरची मोडतोड निस्तरतो आणि संध्याकाळी त्याच मोडतोडीवर अर्धवेळ पीएच.डी. करायला बसतो, म्हटल्यावर घरच्यांनी दुसऱ्या कुठल्या सुरात विचारावं?

विषय सांगतो, बसून घ्या. अनेक प्रोसेस एकाच वेळी चालू आहेत, एकमेकींना निरोप धाडताहेत. त्यातली एक मध्येच आडवी झाली तर बाकीच्यांनी सावरायचं कसं? आणि कुणीच आडवं झालेलं नसताना, काम न थांबवता, त्यातली एक काढून नवी बसवायची झाली तर ती कशी बसवायची? या दोन प्रश्नांना गणिती सिद्धांतांनी दिलेल्या उत्तरांची तुलना म्हणजे ‘ते’. गणपतीच्या जेवणात मी हे एका गृहस्थांना समजावून सांगितलं. ते “वा, वा” म्हणाले आणि ताक आणायला म्हणून जे गेले ते आलेच नाहीत.

खरं तर हा विषय विलायतेत राहून करायचा नाही तर कुठे? एडिंबरात रॉबिन मिल्नर यांनी १९८० साली सीसीएस नावाचं प्रोसेसचं बीजगणित मांडलं आणि १९९२ साली पारो आणि वॉकर यांच्यासोबत पाय-कॅल्क्युलस. टोनी होर जन्माने कोलंबोचे, नोकरीने बेलफास्टचे आणि मग ऑक्सफर्डचे. त्यांनी १९७८ साली सीएसपी मांडलं, १९८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाची सुरुवात चॉकलेटच्या यंत्राने होते. नाणं टाका, चॉकलेट घ्या. इथवर कुणालाही वाटतं, की आपल्याला जमणार. पुढे केव्हातरी ‘कॅटस्ट्रॉफी’ अवतरते आणि तिचं चिन्ह असतं कडाडणारी वीज. ती कोसळली की चालू प्रोसेस तिथेच खलास, दुसरी सुरू. तिच्यामागोमाग ‘रीस्टार्ट’ येतं आणि ‘चेकपॉइंट’ही येतो. कुठल्याही संसाराला लागणारी सगळी सामग्री त्या मोजक्या पानांत आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. बायकोने ती पानं चाळली आणि यंत्रातून चॉकलेट न आल्यास नाणं परत मिळतं का, एवढंच विचारलं. संशोधनाचा निम्मा प्रश्न तोच होता, हे मला पुढे कळलं.

अशात मिरजेहून मामा आले. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. लंडनचे राजवाडे त्यांनी शिष्टाचार म्हणून पाहिले. खरा जीव रमला तो व्हिक्टोरिया स्टेशनच्या फलाटावर. तिथे ते घड्याळ हातात धरून उभे राहत आणि सुटलेली प्रत्येक गाडी मनातल्या मनात लिहून घेत. लांब पल्ल्याची गाडी दहा मिनिटं उशिरा आली तरी इथे वर्षानुवर्षं ती वेळेवर आली असंच धरत, हे मी सांगितलं तेव्हा ते इतके सुखावले, की त्या दिवशी दोन वेळा चहा झाला.

“मला ते पांढरे कडे दाखव,” एक दिवस ते म्हणाले. म्हणून शनिवारी आम्ही डोव्हरला निघालो. पुढच्याच आठवड्यात न्यूकॅसलला माझं भाषण होतं, त्यामुळे मांडीवर लॅपटॉप होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं असा डबा मामांच्या पिशवीत होता. ही पिशवीची गोष्ट लक्षात ठेवा.

गाडीत मी मामांवर भाषणाची रंगीत तालीम केली.

“असं बघा मामा, न्यूकॅसलच्या ब्रायन रँडेल यांनी १९७५ साली सांगितलं, की काम सुरू करण्याआधी सगळी परिस्थिती टिपून ठेवायची. मग काम करायचं आणि शेवटी एक चाचणी घ्यायची. चाचणीत नापास झालं, तर टिपून ठेवलेल्या जागी परत यायचं आणि तेच काम दुसऱ्या रीतीने करून बघायचं.”

“म्हणजे गाडी मागं घ्यायची.”

“हो, तसंच.”

“आणि ती मागं घेताना पाठीमागनं दुसरी येत असली तर?”

मी लॅपटॉप मिटला. कारण रँडेल यांच्या त्याच लेखात नेमकी हीच भीती आहे. एक प्रोसेस मागे गेली, की तिने ज्यांना निरोप दिले त्यांनाही मागे जावं लागतं, मग त्यांनी ज्यांना दिले त्यांना, आणि असं करत करत सगळी मंडळी सुरुवातीच्या रेषेवर येऊन बसतात. यालाच ते डॉमिनो इफेक्ट म्हणतात. मला हे उमगायला एक अख्खा हिवाळा लागला होता.

“आमच्याकडं ब्लॉक सेक्शनमधनं गाडी मागं घ्यायची तर लेखी अधिकार लागतो,” मामा म्हणाले. “मनात आलं म्हणून मागं येता येत नाही.”

मग मी भरपाईकडे वळलो. काही कामं मागे घेताच येत नाहीत. पैसे गेले, पत्र पोचलं, जेवण झालं. अशा वेळी उलटं न फिरता, झालेल्या प्रत्येक कामाला एक उतारा आधीच लिहून ठेवायचा. १९८७ साली प्रिन्स्टनमध्ये गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी डेटाबेससाठी हे मांडलं. २००५ साली साउदॅम्प्टनचे मायकेल बटलर, खुद्द होर आणि फेरेरा यांनी ते सीएसपीच्या भाषेत बसवलं. उदाहरण म्हणून मी इथल्या रेल्वेचा नियम सांगितला. बऱ्याच कंपन्या गाडीला पंधरा मिनिटं उशीर झाला तर एकेरी भाड्याचा पाव हिस्सा परत देतात, अर्ध्या तासाला निम्मं देतात आणि तासाला पूर्ण.

“गेलेला तास कोण देतं?”

“तो नाही देत.”

“मग बरोबर आहे,” मामा म्हणाले. कशाला बरोबर म्हणाले ते मी विचारलं नाही.

आता राहिला माझा लाडका भाग, चालू यंत्रणेत बदल करण्याचा. डाइकस्ट्रा यांचं जुनं कोडं आहे. पाच तत्त्वज्ञ गोल टेबलाभोवती बसलेत, दोघांच्या मध्ये एकेक काटा, जेवायला दोन काटे लागतात. सगळ्यांनी एकदम डावा काटा उचलला तर सगळेच उपाशी. १९९० साली लंडनच्या इंपीरिअल कॉलेजातल्या जेफ क्रेमर आणि जेफ मॅगी यांनी विचारलं, की हे जेवण चालू असताना एका तत्त्वज्ञाला उठवून दुसरा बसवायचा असेल तर? त्यांचं उत्तर असं, की नुसतं त्याला गप्प करून भागत नाही. त्याच्याशी व्यवहार सुरू करू शकतील असे सगळे शेजारीही आधी गप्प व्हायला हवेत, हातातलं काम पुरं व्हायला हवं. ती शांत अवस्था आली की मगच अदलाबदल.

“मेगाब्लॉक,” मामा म्हणाले.

इतक्या वाचनानंतर मला हा शब्द सुचला नव्हता. मी सूड म्हणून १८९२ सालची गोष्ट काढली. इथल्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा सात फुटांहून रुंद गेज होता. तो साधा करायचा होता. मे महिन्यातल्या एका शुक्रवारी पॅडिंग्टनहून शेवटची रुंद गाडी सुटली. रुंद रुळांवरचं प्रत्येक इंजिन, प्रत्येक डबा आधी बाहेर काढून स्विंडनकडे नेला. मग शनिवार-रविवारी चार हजारांवर माणसांनी एक्सेटरच्या पलीकडचे दीडशे मैलांहून जास्त रूळ आत सरकवले आणि सोमवारी साध्या गेजच्या गाड्या धावल्या. मामा डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी लहानपणी मिरजेच्या मीटरगेजची ब्रॉडगेज होताना पाहिली होती. “सगळे डबे आधी काढले,” ते पुटपुटले, “हे महत्त्वाचं. एक जरी आत राहिला असता तर कायमचा अडकला असता.”

हे वाक्य मी टिपून घेत असतानाच फॅव्हरशॅम आलं.

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. व्हिक्टोरियाहून निघालेल्या आमच्या गाडीचे फॅव्हरशॅमला दोन भाग व्हायचे होते. पुढचे डबे व्हिट्स्टेबल, मार्गेट करत रॅम्सगेटला, मागचे कँटरबरीवरून डोव्हरला. तशी घोषणा झाली, पुन्हा झाली, दारावरच्या पट्टीतून अक्षरंही सरकत गेली. रेल्वेने आपलं काम चोख केलं, हे मला इथे नोंदवलं पाहिजे. आम्ही मागच्या भागात, म्हणजे अगदी योग्य जागी बसलो होतो.

“गाडी तोडतात ती बघून येतो,” मामा म्हणाले आणि उतरले. पिशवी खांद्यालाच होती. गार्डाची सवय, सामान सोडून उतरायचं नाही. मी “हं” म्हणालो. स्लाइडवर ‘शांत अवस्था’ या शब्दांभोवती मी चौकट काढत होतो आणि ती निळी असावी की हिरवी, हा प्रश्न त्या घटकेला ऐरणीवर होता.

फलाटावर काय झालं ते मामांनी नंतर सांगितलं. त्यांना अपेक्षा होती, की कुणीतरी पॉइंट्समन खाली उतरेल, दोन डब्यांच्या मध्ये वाकेल, कपलिंग काढेल, पाइप सोडवेल, झेंडी दाखवेल. कुणी उतरलंच नाही. चालकाने आतल्या आत बटण दाबलं, फुस्स झालं आणि गाडीचे दोन तुकडे झाले. आयुष्यभर कपलिंगच्या खडखडाटावर पोसलेला माणूस त्या ‘फुस्स’ने सुन्न झाला. तेवढ्यात दारं वाजू लागली. मामा समोरच्या दारातून चढले. ते दार पुढच्या भागाचं होतं.

माझ्या आकृतीत दोन नोड होते, त्यांच्यामधला दुवा होता, दुवा तोडण्याचा नियम होता. फलाटावर उतरलेल्या मामांना मात्र चौकोन नव्हता.

चौकट हिरवी करून मी मान वर केली, तेव्हा खिडकीबाहेर केंटच्या बागा पळत होत्या आणि समोरची जागा रिकामी होती. मामांचा फोन फक्त आमच्या घरच्या वायफायवर चालतो. मला घाम फुटला, पण अभ्यास कामी आला. दोन प्रोसेस एकमेकींपासून तुटल्या तर काय करायचं? शेवटच्या एकत्र असलेल्या जागी परत जायचं. कँटरबरीला उतरलो, उलटी गाडी पकडली आणि फॅव्हरशॅमच्या बाकावर रँडेल यांचं नाव घेत बसलो.

मामांनी काय केलं? डब्यातल्या नकाशावर बोट फिरवलं. रॅम्सगेटहून एक रेघ खाली सँडविच, डील करत डोव्हरलाच जाते, हे गार्डाच्या डोळ्यांना लगेच दिसलं. तिकीट डोव्हरचं, भाचाही डोव्हरला जाणार, मग मागं कशाला यायचं? ते पुढे निघाले. म्हणजे मी मागे जाऊन सावरत होतो आणि ते पुढे जाऊन. दोन्ही पद्धती ग्रंथांत सन्मानाने नांदतात. एकाच कुटुंबात एकाच दुपारी दोन्ही वापरल्या तर काय होतं, हे मात्र मी कुठे वाचलं नव्हतं.

रॅम्सगेटला मामांनी पाकिटातली चिठ्ठी काढून स्टेशनातल्या माणसाला दाखवली आणि आमच्या घरी फोन लावून घेतला. मग हिचा मला फोन.

“मामा रॅम्सगेटहून डोव्हरला चाललेत. तुम्ही कुठे?”

“फॅव्हरशॅमला. चेकपॉइंटला.”

“कुठल्या पॉइंटला?”

“बरं,” म्हणून मी फोन ठेवला. मी निघतोय की थांबतोय, हे सांगायचं राहिलं. डोव्हरची गाडी नुकतीच गेली होती. पुढची आली तेव्हा मी चढलो. दरम्यान मामा डोव्हरला पोचले, मी दिसलो नाही, त्यांनी पुन्हा कुणाचा तरी फोन घेऊन घरी विचारलं. हिने तिच्याकडे होती ती माहिती दिली, “ते फॅव्हरशॅमला बसलेत.” मामा फॅव्हरशॅमच्या गाडीत बसले.

आमच्या गाड्या कँटरबरीला समोरासमोर उभ्या राहिल्या. काचेपलीकडे मामा होते, मांडीवर डबा उघडा, हातात दशमीचा तुकडा. मला बघताच त्यांनी तुकडा टाकला आणि दोन्ही हात डोक्यावर उंच धरले. आपल्या रेल्वेत हाताशी झेंडी नसली तर धोक्याची, ‘थांबा’ची खूण ती हीच. मला वाटलं, म्हातारा आनंदला. मीही उत्साहाने हात हलवला. माझी गाडी सुटली.

याला आमच्या शास्त्रात लाइव्हलॉक म्हणतात. कुणीच अडकलेलं नाही, सगळे जोमाने हलताहेत आणि काम तसूभरही पुढे सरकत नाही. तत्त्वज्ञांच्या कोड्यावरचा एक जुना उपाय इथेही लागू पडतो. पाचातल्या एकाला सांगायचं, तू आधी उजवा काटा उचल. सगळे सारखेच शहाणे असले की पंगत उपाशी राहते, एकाला तरी वेगळं वागावं लागतं. हे मी शिकवतो. अमलात आणलं ते बायकोने. फोनवर तिचा आवाज शांत होता, जो घरात फार वाईट वेळी असतो. “मामा फॅव्हरशॅमला बाकावर बसतील. ते हलणार नाहीत. तुम्ही पुढच्या स्टेशनवर उतरा आणि मागे या. मध्ये स्वतःचा विचार करू नका.”

अशा रीतीने संध्याकाळी फॅव्हरशॅमला आमची भेट झाली. डोव्हरचे कडे मामांनी स्टेशनातल्या पोस्टरवर पाहिले होते. मी तेही नाही.

“एकेरी लाइनीवर,” मामा म्हणाले, “टोकन हातात पडल्याशिवाय गाडी सुटत नाही. लोखंडी गोळा, चामड्याच्या पिशवीत, पिशवीला वेताची मोठी रिंग. ड्रायव्हर धावत्या गाडीतनं हात घालून उचलतो. एका सेक्शनला एका वेळी एकच गोळा बाहेर. तुमच्या दोघांत तो कुणाकडं असतो ते आज कळलं.”

मला भूक लागली होती. इथे डब्याचा प्रश्न आला, आणि तो वरवर वाटतो तितका साधा नाही. डोव्हरची सहल हा मोठा व्यवहार, तिच्या पोटात डबा हा छोटा व्यवहार. मोठा फसला तर छोट्याचं काय करायचं, यावर अभ्यासकांनी तीन मार्ग सांगितलेत. एक, तोही टाकून द्यायचा. दोन, तो जपायचा, म्हणजे सहल बुडाली तरी डबा चालू ठेवायचा. तीन, त्यालाही रीतसर बंद पाडायचं आणि त्याचा त्याचा उतारा द्यायचा. मी हे मामांना सांगितलं. त्यांनी डबा उघडून दाखवला. लोणचं होतं.

“मी दुसरा मार्ग धरला,” ते म्हणाले. “रॅम्सगेटपासनं.”

न्यूकॅसलचं भाषण ठरल्याप्रमाणे झालं. शांत अवस्थेच्या स्लाइडनंतर मी केंटचा नकाशा लावला आणि दोन रंगांत दोन वाटा दाखवल्या. अशा सभांमध्ये हसण्याची पद्धत नसते, पण मागच्या रांगेतून दोघे-तिघे हसले, आणि चहाच्या वेळी तत्त्वज्ञांपेक्षा मामांविषयीच अधिक विचारणा झाली. एका बाईंनी विचारलं, की त्यांनी टाकलेला दशमीचा तुकडा तुम्ही कुठल्या खात्यात धरता? तो मी धरलाच नव्हता.

सर्बिया आणि नेदरलँड्समधल्या देदेइच, पांतोविच आणि पेरेस यांनी दाखवून दिलंय, की भरपाईचे हे सगळे प्रकार चालू प्रोसेस बदलण्याच्या भाषेत लिहून काढता येतात. म्हणजे ज्याला बदलता येतं त्याला सावरताही येतं, निदान कागदावर. मी माझ्या प्रबंधात याच्या शेजारी एक परिच्छेद घातलाय, की दोन पद्धतींची तुलना करताना तिसरा रकाना हवा: बदल होत असताना कोण कुठे उभं होतं आणि त्याला कुणी सांगितलं होतं का. मार्गदर्शकांनी समासात ‘पुरावा?’ असं लिहिलंय. मी मिरजेला कळवलंय.

वाचकांपैकी कुणी केंटकडे गेलात तर एवढं करा. चढण्याआधी डब्यावरचा फलक वाचा, आणि डबा घरूनच दोन पिशव्यांत भरून घ्या.